काचपेटींतील प्रवाळ आणि परवडणारा सूर्य

गेल्या पावसाळ्यांत माझ्या पुतण्याचा मला एक संदेश आला. तो जर्मनींत नोकरीस असतो. तेथें त्यानें हौसेनें दोन फूट लांब व सव्वा फूट उंच अशी काचपेटी घेऊन तींत समुद्राचें पाणी व पांच लहान प्रवाळें ठेविलीं होतीं. तो लिहितो, “काका, दुकानांत सांगितलेला महाग दिवा घेतला, पगाराचा चौथा हिस्सा त्यांत गेला. पूर्ण तेजानें तो लावला आणि दहा दिवसांत प्रवाळें पांढरी फटक पडलीं. उजेडानेंही जीव मरतो काय? आणि मरत असेल, तर एवढे पैसे मीं कशासाठीं दिले?”

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. समुद्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु मुलांच्या प्रश्नास “मला ठाऊक नाहीं” असें उत्तर देऊन थांबावयाचें नाहीं, ही संवय जन्माची जडलेली. म्हणून मिळालीं तीं पुस्तकें वाचलीं, आणि वाचतां वाचतां असें आढळलें कीं, माझ्या पुतण्याची चूक ही त्याची एकट्याची नाहीं. ती पावणेदोनशें वर्षांची जुनी चूक आहे. काचेच्या पेटींत सूर्य कसा आणावा, आणि तो खिशाला परवडेल असा कसा आणावा, ह्या धडपडीचा इतिहास आज मी आपणांपुढें ठेवणार आहें.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय हें पाहूं. आपल्या घरांत पोवळें म्हणून जें लाल रत्न ओळखतात, तें भूमध्य समुद्रांत खडकांच्या सावलींत व खोल अंधुक पाण्यांत वाढतें. त्यास सूर्याची गरज नसते. पण उष्ण समुद्रांत ज्यांच्या सांगाड्यांनीं बेटेंच्या बेटें उभी राहिलीं, तीं प्रवाळें निराळ्या जातीचीं. ह्या दोहोंतील भेद ध्यानांत न आल्यामुळें पुढें किती घोटाळा झाला, तें दिसेलच.

प्रवाळ ही वनस्पती, असाच समज अठराव्या शतकापर्यंत दृढ होता. मार्सेय येथील वैद्य पेसोनेल ह्यानें तो प्राणी आहे असें निरीक्षणानें ठरविलें. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें १७२७ सालीं हें मत मांडतांना रेओम्यूर ह्या थोर पंडितानें पेसोनेलचें नांवच घेतलें नाहीं, कारण असल्या विपरीत मतामुळें त्याची नाचक्की होईल असें त्यास वाटलें! पेसोनेलचें म्हणणें खरें ठरलें. पुढें १८४२ सालीं डार्विननें प्रवाळ-खडकांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. खडक बांधणारीं प्रवाळें उथळ पाण्यांतच वाढतात, हें तोंवर निरीक्षकांस चांगलें ठाऊक झालें होतें. मात्र तीं उथळ पाणीच कां धरून राहतात, ह्याचें नेमकें उत्तर कोणापाशींही नव्हतें.

ह्याच सुमारास इंग्लंडांत एक बाई ह्या कथेंत येतात. त्यांचें नांव ॲना थिन. १८४६ सालीं टॉर्की येथील किनाऱ्यावरून त्यांनीं कांहीं लहान प्रवाळें लंडनला आपल्या घरीं आणलीं. पाण्यांत हवा खेळावी म्हणून त्यांची दासी रोज उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे. पुढें त्यांनीं पेटींत जिवंत समुद्रशैवाल घातलें. तीं प्रवाळें वर्षानुवर्षें जगलीं. समुद्रापासून दूर, शहरांतील घरांत समुद्र टिकविण्याचा हा अगदीं आरंभींचा यशस्वी प्रयोग होय. परंतु इंग्लंडच्या थंड पाण्यांतील तें एकाकी प्रवाळ आपल्या पोवळ्याप्रमाणेंच उजेडावांचून जगणारें होतें. खिडकीचा प्रकाश लागे तो शैवालास.

ह्यानंतर काचपेट्यांचें वेडच पसरलें. इंग्लंडांत १८४५ सालीं काचेवरील कर उठला, त्यामुळें काच स्वस्त झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यानें १८५० मध्यें मासे व वनस्पती एकमेकांस कसे तारतात हें दाखविलें. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ मध्यें फिलिप गॉस ह्याच्या पुस्तकानें ‘ॲक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडीं बसविला. घरोघर खिडकींत पेट्या आल्या. पण थोड्याच दिवसांत त्यांतलें पाणी हिरवें होऊं लागलें, कारण उजेड मिळतांच पाण्यांत तरंगणारें शैवाल माजे. विल्यम आल्फर्ड लॉइड ह्यानें ह्यावर उपाय काढला. पाण्याचा मोठा सांठा तळघरांत अंधारांत ठेवावयाचा आणि तेंच पाणी दर्शनी हौदांतून फिरवावयाचें. लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसचें त्याचें मत्स्यालय १८७१ सालीं उघडलें, तें ह्याच तत्त्वावर. ही युक्ति माशांना मानवली. प्रेक्षकांस हौद स्वच्छ दिसूं लागले. मात्र उजेड हा मत्स्यालयाचा शत्रु, अशी एक समजूत तेथून रुजली, आणि उष्ण समुद्रांतील प्रवाळांच्या दृष्टीनें ती घातक ठरली. काळोख्या दालनांतील मंद दिव्याखालीं तीं ठेवलीं कीं हळूहळू पांढरीं पडत आणि मरत. दोष पाण्याचा, खाद्याचा, प्रवासाचा, असा सर्वांचा निघे. दिव्याचा मात्र कोणी काढीत नसे.

ह्या गूढाची किल्ली सूक्ष्मदर्शकाखालीं सांपडली. कार्ल ब्रांट ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८१ सालीं असें दाखविलें कीं, कांहीं समुद्रप्राण्यांच्या शरीरांत दिसणारे पिवळसर तपकिरी कण हे त्या प्राण्यांचे अवयव नसून आंत वस्तीस राहिलेलें सूक्ष्म शैवाल आहे. खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींतही हीच वस्ती असते. मग हें शैवाल प्रवाळाच्या काय उपयोगाचें? त्याचा शोध घेण्यासाठीं १९२८ सालीं मॉरिस याँग ह्यांच्या नेतृत्वाखालीं एक मंडळी ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभित्तीवर जाऊन सुमारें वर्षभर राहिली. त्यांनीं प्रवाळें अंधाऱ्या पेटींत कोंडून पाहिलीं. प्रवाळांनीं आपल्या आंतलें शैवाल बाहेर टाकलें व तीं पांढरीं झालीं, पण खाद्य मिळालें तेव्हां जगलीं. त्यावरून, प्रवाळास शैवालापासून अन्न मिळत नाहीं, असा निष्कर्ष याँग ह्यांनीं काढला. प्रयोग चोख होता, पण निष्कर्ष पुढें टिकला नाहीं. जगणें व वाढणें ह्यांत अंतर असतें, तें येथें निसटलें.

हें अंतर १९५९ सालीं टॉमस गोरो ह्यांनीं जमैका बेटावरील प्रयोगांनीं दाखवून दिलें. किरणोत्सर्गी कॅल्शियमचा माग काढून त्यांनीं सिद्ध केलें कीं, उजेडांत प्रवाळाचा चुनखडी सांगाडा अंधारांतल्यापेक्षां पुष्कळ जलद वाढतो. त्याच सुमारास मस्केटीन प्रभृति संशोधकांनीं शैवालानें उन्हांत तयार केलेलें अन्न यजमान प्राण्याच्या शरीरांत उतरतें, हेंही दाखविलें. थोडक्यांत, प्रवाळाचें घर म्हणजे स्वयंपाकघर असलेलें घर. आंतील भाडेकरू उन्हावर रांधतो आणि रांधलेल्यांतला मोठा वांटा घरमालकास देतो. दिवा मंद असेल तर चूल पेटत नाहीं. दिवा अति प्रखर असेल तर चुलीचा भडका घरालाच लागतो, कारण शैवालाच्या अंगीं न पेलणारा प्रकाश घातक प्राणवायु निर्माण करतो, आणि प्रवाळ आपल्या पोशिंद्यालाच बाहेर काढतें. माझ्या पुतण्याच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे. होय बाबा, उजेडानेंही जीव मरतो.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे पैशांकडे वळूं. सर्वांत स्वस्त दिवा अर्थातच आकाशांतला. न्यू कॅलेडोनियांतील नूमेआ येथें रेने कताला ह्यांनीं १९५६ सालीं मत्स्यालय उघडलें, त्यांत समुद्राचें ताजें पाणी आणि नैसर्गिक उजेड एवढ्यावर जिवंत प्रवाळें राखलीं. इंडोनेशियांत ली चिन एंग ह्यांनीं तर यंत्रसामग्री जवळजवळ टाकूनच दिली. समुद्रांतील जीवजंतूंसह उचललेले खडक, हवेचे थोडे बुडबुडे आणि ऊन, ह्यांवर त्यांच्या पेट्या चालत. त्यांचा लेख १९६१ सालीं अमेरिकन मासिकांत आला, तेव्हां अनेकांना तो खरा वाटेना. पण जकार्त्याचें ऊन बर्लिनला कोठून आणावें? तेथें हिंवाळ्यांत दुपारीं चारलाच अंधार पडतो. म्हणून पुढील इतिहास हा थंड देशांतील हौशी माणसांनीं विजेचा सूर्य शोधण्याचा आहे.

आपल्या घरांत जिला आपण ट्यूबलाइट म्हणतों, ती अमेरिकेंत १९३८ सालीं बाजारांत आली. साध्या दिव्यापेक्षां ती कमी वीज खाई व कमी तापे. अनेक दशकें मत्स्यालयांवर तिचेंच राज्य होतें. तथापि, तिचा उजेड लांबट पेटीवर पातळ पसरे. एकदोन नळ्यांवर मऊ जातीचीं प्रवाळें तग धरीत, पण फांद्यांचीं, सांगाडा बांधणारीं प्रवाळें खंगत. १९६० नंतर मेटल हॅलाइड दिवे आले. ते मुळांत कारखाने व क्रीडांगणें उजळण्यासाठीं निघालेले. जर्मन हौशी मंडळींनीं ते पेटीवर टांगले, आणि पारडें फिरलें. बर्लिनच्या डीट्रिख श्ट्यूबर ह्यांनीं १९८० च्या दशकांत असल्या दिव्यांखालीं, जिवंत खडक व चांगलें पाणी ह्यांच्या साह्यानें, फांद्यांचें प्रवाळ नुसतें जगविलें नाहीं, तर वाढवून त्याचे तुकडे इतर हौशी लोकांस वांटले. एका फांदीपासून शेंकडों घरें फुललीं. अमेरिकेंत जॉर्ज स्मिट ह्यांच्या १९८६ सालच्या लेखमालेनें ‘छोटा प्रवाळखडक’ ही कल्पना घरोघर नेली.

पण ह्या सूर्याची किंमत जबर होती. दिवा महाग, त्यास लागणारा चोक महाग, आणि उष्णता एवढी कीं कित्येकांना पाणी थंड करण्याचें निराळें यंत्र घ्यावें लागे. म्हणजे उजेडासाठीं एकदां वीज जाळावयाची आणि त्याची उष्णता घालविण्यासाठीं पुनः दुसऱ्यांदा! कांहीं काळ असा ग्रह पसरला कीं प्रवाळ पाळणें हा श्रीमंतांचा खेळ, आणि जेवढे वॅट अधिक तेवढें प्रवाळ सुखी. गॅलनला अमुक वॅट, असा नियमही रूढ झाला. हा नियम मला आमच्या जुन्या शिस्तीसारखा वाटतो. मुलगा समोर कसा आहे हें न पाहतां सर्वांना सारख्याच छड्या!

ह्या भ्रमांतून सुटका दोन गोष्टींनीं झाली: निळ्या रंगानें आणि मोजमापानें.

समुद्राचें पाणी तांबडा प्रकाश वरच्या कांहीं मीटरांतच गिळून टाकतें. निळा मात्र खोलवर पोंचतो. त्यामुळें प्रवाळांतील शैवाल निळ्या प्रकाशाचा चांगला उपयोग करून घेतें. म्हणून हौशी मंडळी पांढऱ्या नळीशेजारीं निळी नळी लावूं लागली. पण खरा पालट घडला तो जपानांत. शूजी नाकामुरा ह्यांनीं १९९३ सालीं तेजस्वी निळा एलईडी व्यवहारांत आणला. ह्या कार्यासाठीं आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघांस २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या रंगाची प्रवाळास गरज, तो रंग थोड्या विजेंत व थोड्या उष्णतेंत मिळूं लागला. पहिलीं उपकरणें महाग होतीं. पुढें भाव उतरत गेले.

दुसरी गोष्ट मोजमापाची. दिव्याचा उजेड लक्समध्यें मोजतात, पण लक्स हें माणसाच्या डोळ्याचें माप आहे. डोळ्यास हिरवट पिवळा रंग प्रखर भासतो व निळा मंद. शैवालाचा हिशेब वेगळा. तेथें पृष्ठभागावर दर सेकंदास पडणारे उपयुक्त प्रकाशकण मोजावे लागतात. ह्या मापास ‘पार’ म्हणतात. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठांत प्राध्यापक असलेल्या संजय जोशी ह्यांनीं बाजारांतील दिव्यामागून दिवा प्रयोगशाळेंत नेऊन त्यांचे वर्णपट व प्रकाश मोजले आणि आंकडे सर्वांसाठीं प्रसिद्ध केले. सारख्याच वॅटच्या दोन दिव्यांत केवढा फरक असतो, हें त्यामुळें ग्राहकास कळलें. वेष्टणावरील स्तुतीपेक्षां आंकडा बोलूं लागला.

आतां हे आंकडे काय सांगतात, तें पाहा. उष्ण कटिबंधांत भर दुपारीं समुद्राच्या पृष्ठभागावर हें माप सुमारें २,००० असतें. पण पेटींतील प्रवाळास तेवढें लागत नाहीं. मऊ जातीचीं व छत्रीसारखीं प्रवाळें ५० ते १०० मध्यें सुखानें राहतात; फांद्यांच्या जातींस २०० ते ३५० पुष्कळ होतात, असा हौशी मंडळींचा अनुभव आहे. पेटी जेमतेम सव्वा फूट उंच असेल, तर तळापर्यंत एवढा उजेड नेण्यास क्रीडांगणावरचा दिवा कशाला?

विजेचाही हिशेब करूं. दिवा रोज दहा तास चालतो असें धरा. १५० वॅटचा मेटल हॅलाइड वर्षास सुमारें ५४७ युनिटें खातो, आणि त्याच्या चोकची वीज निराळी. २४ वॅटच्या चार बारीक नळ्या ३५० युनिटें खातात. ५० वॅटचा एलईडी १८२. नळ्यांचा उजेड हळूहळू उतरतो, म्हणून त्या वर्षा-दीड वर्षानें बदलाव्या लागतात. तो खर्च वेगळा. शिवाय त्यांत पारा असल्यामुळें युरोपीय संघानें २०२३ सालीं नेहमींच्या नळ्या बाजारांत आणणें बंद केलें. तेव्हां आज नवा दिवा घेणाऱ्यास एलईडीचाच मार्ग सोयीचा. मात्र स्वस्त म्हणून घेतांना एवढें पाहावें: तेज कमीजास्त करतां येतें काय, निळा व पांढरा भाग वेगवेगळा फिरवितां येतो काय, आणि खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून विजेची जोडणी सुरक्षित आहे काय. ह्या तीन गोष्टी नसतील तर स्वस्त दिवाही महागच पडतो.

हें सर्व मीं पुतण्यास कळविलें. तेथील हौशी लोकांच्या मंडळाकडून त्यानें मोजण्याचें यंत्र दोन दिवस भाड्यानें आणलें. तळाशीं आंकडा ४५० च्या वर निघाला, आणि त्याचीं सर्व प्रवाळें मऊ जातीचीं! त्यानें दिवा पुष्कळ मंद केला. पांचांपैकीं दोन प्रवाळें गेलीं तीं गेलींच. तिघांस दोन महिन्यांनीं पुनः तपकिरी रंग धरूं लागला. म्हणजे चूल पुनः पेटली. मग आठवड्या-आठवड्यानें थोडें थोडें तेज वाढवून तो ८० वर थांबला. नंतर त्यानें मला लिहिलें, “काका, जो दिवा मीं घेतला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किंमतीचाही पुरला असता.” मीं उत्तर दिलें, “बाबा, पैसे गेले त्याचें वाईट वाटूं देऊं नकोस. दोन जीव गेले त्याचें मात्र वाटूं दे. आधीं प्राणी ठरवावा, मग त्याची गरज पाहावी, आणि दिवा सर्वांत शेवटीं घ्यावा. तूं उलट्या टोकानें आरंभ केलास.”

श्रोतेहो, कोणी म्हणेल, परदेशांतील एका पेटीची ही गोष्ट आम्हांस कशाला? आपल्याकडे मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतीं समुद्रांत प्रवाळें आहेत. कच्छच्या आखातांत तर ओहोटीला पायीं चालत जाऊन पाहतां येतात. खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांस २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घालण्यांत आलें. तेव्हां आपल्या किनाऱ्यावरून एक तुकडाही उचलून घरीं आणण्याचा विचार कोणी मनांत आणूं नये. परंतु माझ्या पुतण्याच्या पेटींत दहा दिवसांत जें घडलें, तेंच आज समुद्रांत घडत आहे. पाणी तापलें कीं शैवाल नेहमींचाच उजेडही पेलूं शकत नाहीं, आणि प्रवाळ त्यास बाहेर टाकतें. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि त्यानंतर २०२३ पासून, असें चार वेळां जगभर प्रवाळें पांढरीं पडलीं. पेटींत तेज कमी करावयास एक खुंटी असते. समुद्रावरच्या सूर्यास खुंटी नाहीं. खुंटी आहे ती पाणी तापविणाऱ्या आपल्या धुराला.

बर्लिनच्या एका घरांत एका फांदीच्या शेंकडों फांद्या करण्याची जी कला हौशी लोकांनीं साधली, त्याच रीतीनें आज ठिकठिकाणचे संशोधक उद्ध्वस्त खडकांवर लावण्यासाठीं प्रवाळांचीं रोपें वाढवीत आहेत. ॲना थिनबाईंच्या दासीनें खिडकीपाशीं उभें राहून ओतलेलें पाणी असें कोठवर वाहत आलें!

आमच्या शाळेंत कंदिलाच्या काचेला काजळी धरली कीं मुलें वात मोठी करीत. मी सांगत असें, “वात वाढवूं नका, आधीं काच पुसा.” प्रवाळाच्या दिव्याची दोनशें वर्षांची कथा ह्याहून फारशी वेगळी नाहीं. लोकांनीं वात पुष्कळ वाढविली, त्यांत पैसा गेला आणि जीवही गेले. काच पुसली तेव्हां कळलें कीं उजेड थोडा पुरतो. फक्त तो कोणासाठीं आहे हें आधीं समजावें लागतें.